भुसावळच्या उकाड्यात लाफ्रॉइग: धुराची सिंगल माल्ट आपल्याकडे कशी प्यावी

खान्देशात धुराची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोडवलेल्या बार्लीपासून केलेली धुरकट व्हिस्की, प्यायची असेल तर कार्तिक ते माघ हे तिचे महिने. उरलेल्या वर्षात तिला थंडावा आपण पुरवावा लागतो, आणि तो बर्फाने पुरवू नये. लाफ्रॉइग १० ही दहा वर्षं मुरवलेली स्कॉटलंडची बाटली मी भुसावळच्या घरात सगळ्या ऋतूंत वापरून बघितली आहे, म्हणून हे ठामपणे सांगतो. या दारूबद्दल वाचायला भरपूर मिळतं, पण सांगणारे बहुतेक एडिंबरो-लंडनच्या दिवाणखान्यात बसलेले असतात. रूम टेंपरेचरला घ्या, ‘नीट’, म्हणजे काही न मिसळता, घ्या, एवढं सांगून मोकळे होतात. त्यांची खोली अठरा-वीस अंशांची असते. आमची मे महिन्यात रात्री दहालासुद्धा पस्तिशीच्या पुढे असते, भिंतीला हात लावला तर चटका बसतो. तोच नियम इथे लावला की ग्लासातून आधी स्पिरिटची वाफ नाकात घुसते, नाक बधिर होतं आणि ज्या धुरासाठी एवढे पैसे मोजले तो हाती लागतच नाही. मग माणूस म्हणतो, ही दारू कडक आहे, आपल्या कामाची नाही. दारूत काही खोट नसते, तापमानाने तिचा घात केलेला असतो.

मी रेल्वेचा माणूस, रुळांच्या देखभालीत नोकरी झाली. मेन लाइनवर रुळांखाली सिमेंटचे स्लीपर आले तरी यार्डात, सायडिंगला, पुलांवर लाकडी स्लीपर बरीच वर्षं होते. लाकूड कुजू नये, वाळवी लागू नये म्हणून त्यात दाबाखाली क्रिओसोट, म्हणजे डांबरापासून काढलेलं तेल, भरलेलं असायचं. पंजाबात धिलवानला, आसामात नहारकटियाला हे काम करणारे कारखाने होते. दुपारी ऊन चढलं की स्लीपरमधून काळपट, तेलकट वास वर यायचा आणि कपड्यांना चिकटून घरापर्यंत यायचा. लाफ्रॉइगचं बूच काढल्यावर नाकाने हाच वास ओळखला. हा निव्वळ भास नाही. क्रिओसोटात फेनॉल आणि क्रेसॉल असतात, आणि पीट या दलदलीतल्या जळणाच्या ज्या धुरावर या व्हिस्कीची बार्ली वाळवतात, त्यातही हीच मंडळी असतात. सोबतीला ग्वायकॉल असतं, जळलेल्या लाकडाचा गोडसर धूर म्हणतो तो त्याचा. पहिल्यांदा पिणारे बरेच जण ग्लास नाकाजवळ नेऊन मागे सरकतात आणि दवाखान्याचा वास येतो म्हणतात. तेही खरंच सांगत असतात. जखमा सडू नयेत म्हणून जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये जे कार्बोलिक अ‍ॅसिड वापरलं ते फेनॉलच, आणि ते ज्या रुग्णालयात वापरलं ते स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचं. वास एकाच घराण्याचा आहे.

आता ही बाटली येते कुठून ते थोडक्यात. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ आयला नावाचं बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्याला, पोर्ट एलन गावापासून एकाच रस्त्यावर ओळीने तीन डिस्टिलऱ्या आहेत: लाफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग. लाफ्रॉइग आणि आर्डबेग स्वतःचं वर्ष १८१५ सांगतात, लागावूलिन १८१६. बेटावर झाडी कमी आणि दलदल फार, त्यामुळे जळण म्हणून पूर्वापार पीट. मॉस, हेदर, गवत पाण्याखाली पडून हजारो वर्षं अर्धवट कुजत राहतं, त्याचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे मीटरभर खोल खणलं की खालचा तुकडा हजार वर्षांपूर्वीचा. तो विटांसारखा कापायचा, वाळवायचा आणि जाळायचा. बार्ली भिजवून मोड आणतात, ते मोड थांबवण्यासाठी धान्य भट्टीवर वाळवतात, आणि धान्य ओलसर असतानाच खालून पीटचा धूर सोडतात. आपल्याकडे भरताच्या वांग्याला तुराट्यांचा धूर लागतो तसाच हा बार्लीला लागतो, आणि तसाच शेवटपर्यंत टिकतो. फक्त इथे तो ऊर्ध्वपातनातून आणि दहा वर्षांच्या लाकडी पिंपातून तगून यायला लागतो.

लाफ्रॉइग आपल्या बार्लीचा काही भाग स्वतःच्या फरशीवर पसरून, फावड्याने उलथापालथ करून मोडवत आली आहे. उरलेली धुरी दिलेली बार्ली बाहेरून येते. मोड आलेल्या बार्लीत फेनॉल किती, ते पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग असे, मोजतात. लाफ्रॉइगचा आकडा चाळिशीच्या आसपास, लागावूलिनचा पस्तीस, आर्डबेगचा पन्नास-पंचावन्न, आयलावरच्याच बोमोरचा पंचवीसच्या जवळपास. दुकानातली पोरं हे आकडे परीक्षेतल्या मार्कांसारखे म्हणून दाखवतात, पण आकडा धान्याचा आहे, ग्लासातल्या दारूचा नाही. दळताना, आंबवताना, गाळताना त्यातलं बरंच गळून जातं. शिवाय भट्टीतून दारू उतरते तेव्हा फळांचे, फुलांचे वास आधी येतात आणि जड फेनॉल मागाहून. मधला भाग कुठे सुरू करायचा आणि कुठे तोडायचा हे भट्टीवरचा माणूस ठरवतो, आणि चव त्या निर्णयात असते. म्हणून पस्तीसची लागावूलिन कधीकधी पंचावन्नच्या आर्डबेगपेक्षा जास्त धुरकट लागते. आकडा बघून बाटली घेऊ नका.

या डिस्टिलरीबद्दल मला आदर वाटतो त्याला आणखी एक कारण आहे. बेसी विल्यमसन नावाची ग्लासगोची तरुणी १९३४ मध्ये उन्हाळ्यापुरती टायपिस्ट म्हणून तिथे कामाला आली आणि परत गेलीच नाही. मालक इयान हंटर यांनी तिच्यावर हळूहळू सगळा कारभार सोपवला, आणि १९५४ मध्ये ते वारल्यावर डिस्टिलरी तिच्याकडे आली. त्या काळात, त्या धंद्यात, एका बाईने डिस्टिलरी चालवली आणि चांगली चालवली. बाटली हातात घेतली की मला ही गोष्ट आठवते आणि सोबतच्या मंडळींना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता पिण्याकडे वळू.

ग्लास. रुंद तोंडाचा, जाड बुडाचा ग्लास या दारूला उपयोगाचा नाही. वास वर येतो आणि उडून जातो. खाली फुगीर आणि वर निमुळता ग्लास हवा. ग्लेनकेर्न नावाचा ग्लास याच कामासाठी २००१ मध्ये बाजारात आला आणि आता ऑनलाइन सहज मिळतो. नसला तर बायकोच्या कपाटातला वाईनचा लहान ग्लास काढा, काम भागतं. स्टीलचा पेला मात्र नको, कारण रंग दिसत नाही आणि हाताची ऊब लगेच आत जाते. ग्लास भांड्यांच्या साबणाने धुतला असेल तर पुन्हा दोनदा नुसत्या पाण्याने विसळा. लिंबाचा साबण या धुराबरोबर फार वाईट लागतो.

तापमान. माझ्या जिभेला आणि नाकाला ही दारू अठरा ते बावीस अंशांच्या दरम्यान सगळ्यात चांगली लागते. डिसेंबर-जानेवारीत भुसावळला, यावलला, रावेरला संध्याकाळी एवढं तापमान आपोआप असतं, रात्र चढली की त्याच्याही खाली जातं आणि ग्लास तळहातात धरून थोडा गरम करावा लागतो. ही खरी मजा आहे, आणि ती वर्षातून थोडे दिवसच मिळते. उन्हाळ्यात मी बाटली माठातल्या पाण्याने भरलेल्या पातेल्यात मानेपर्यंत उभी करतो. अर्ध्या तासात दारू बेताची थंड होते. फ्रीजमधून काढलेल्या दारूची जीभ बांधल्यासारखी असते, ती हळूहळू बोलू लागेपर्यंत आपला धीर संपतो. माठाचं पाणी तिला नेमकं तेवढंच थंड करतं. ग्लास मात्र फ्रीजमध्ये दहा मिनिटं ठेवा, पण भाजीच्या कप्प्यात नको, कोथिंबीर-मेथीचा वास धरतो.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते ती कूलरची. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर चालू केला की खोली वाळ्याने भरून जाते. फार सुंदर वास आहे तो, आमच्या लहानपणाचा आहे, पण तो आणि पीटचा धूर एका खोलीत नांदत नाहीत. पिण्याच्या वेळेपुरता कूलर दुसऱ्या खोलीत फिरवा किंवा गच्चीवर जा. उदबत्ती, डासांची कॉइल, अत्तर, सगळं बंद. नाकाला एका वेळी एकच काम द्या.

पाणी. यात खान्देशच्या माणसाने सगळ्यात जास्त लक्ष घालायला हवं. आमच्या भागातलं बोअरचं पाणी जड आहे. किटलीत पांढरा थर धरतो, डाळ शिजायला वेळ लागतो, तेच पाणी ग्लासात घातलं तर धुरामागे खडूसारखी चव राहते. आरओचं किंवा कमी क्षारांचं बाटलीबंद पाणी घ्या. घालायचं किती? पहिला घोट पाणी न घालता, अगदी छोटा, जीभ ओली होण्याइतका. मग औषधाच्या ड्रॉपरने चार-पाच थेंब. ग्लास फिरवा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा वास घ्या. धूर वर आलेला असतो. हे का होतं, याचा अभ्यास स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. संगणकावर त्यांनी पाणी, अल्कोहोल आणि ग्वायकॉल यांचे रेणू एकत्र सोडून पाहिले. अल्कोहोल फार असलं की ग्वायकॉल त्याच्या गराड्यात द्रवात खोल अडकून राहतं, पाणी वाढलं की ते पृष्ठभागाकडे येतं, म्हणजे आपल्या नाकाजवळ येतं. पिढ्यान्‌पिढ्या जे जिभेने माहीत होतं त्याला कारण मिळालं.

थेंबांनंतर मी हळूहळू एक चहाचा चमचा, म्हणजे पाच मिलीपर्यंत जातो. तीस मिलीच्या पेगमध्ये पाच मिली पाणी घातलं तर ४३ टक्क्यांची दारू ३७ टक्क्यांच्या आसपास येते, आणि एवढं पुरे. ब्रिटनमध्ये ही बाटली ४० टक्क्यांची मिळते, अमेरिकेत ४३ची, तेव्हा तुमच्या बाटलीचं लेबल वाचून पाणी ठरवा. ४० टक्क्यांची असेल तर चमचाभरसुद्धा जास्त होतं, थेंबांवर थांबा.

बर्फ नको. बर्फाने वास झोपतो आणि राख तेवढी जागी राहते. शिवाय आपल्याकडे कारखान्याच्या लादीचा बर्फ कोणत्या पाण्याचा, हे कोण सांगणार? एका हॉटेलात, नाव घेत नाही, आम्ही मोठ्या हौसेने धुराची सिंगल माल्ट मागवली. वेटरने विचारण्याआधीच ग्लास काठोकाठ बर्फाने भरला, वर सोडा ओतला आणि लिंबाची फोड टाकली. त्या पोराची चूक नाही, त्याला कोणी शिकवलेलं नसतं. पण मालकाने चार ओळी शिकवाव्यात अशी माझी कळकळीची विनंती आहे. एवढ्या किमतीची दारू ठेवता, तर ग्लास रिकामा आणा, पाणी वेगळं आणा, बाकीचं गिऱ्हाइकावर सोडा. माझ्या ओळखीच्या एका परमिट रूममध्ये आता असं करतात, आणि तिथे दारू तीच असून वेगळी लागते.

सोड्याच्या विरोधात मी पूर्णपणे नाही, हेही सांगतो. वैशाखात, हवेत ओल नसताना, अंगातून आग निघत असताना नीट व्हिस्की कोणी प्यावी? तेव्हा उंच ग्लास, एक भाग व्हिस्की, तीन भाग फ्रीजमधला थंडगार सोडा, दुसरं काही नाही. धूर सोड्याच्या बुडबुड्यांबरोबर वर येतो आणि छान लागतो. पण त्यासाठी लाफ्रॉइग खर्च करायला माझं मन होत नाही. जॉनी वॉकर ब्लॅक लेबल घ्या, बारा वर्षांची ब्लेंड, म्हणजे अनेक व्हिस्क्यांचं मिश्रण, आहे, तिच्यात आयलाचा धूर आहे आणि सोड्यात ती छान खुलते. कोला, लिंबू सरबत, साखर असलेलं काहीही नको.

चव कशी आहे? वासात आधी आयोडीन, डांबर, ओली राख. पाणी पडल्यावर मागून व्हॅनिला आणि थोडा नारळ येतो, तो बर्बन या मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपांचा. अमेरिकेत बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, एकदा वापरलेली पिंपं मग स्कॉटलंडला जातात आणि लाफ्रॉइग त्यातच दहा वर्षं राहते. तोंडात घेतल्यावर पहिल्या क्षणी गोड, मग मीठ, मग धूर सगळं व्यापून टाकतो. शेवट लांब आणि कोरडा आहे. कोरडेपणा जरा जास्त आहे, ही माझी या बाटलीबद्दलची एक तक्रार. दुसरी तक्रार अंगाची, म्हणजे तोंडात जाणवणाऱ्या भरीवपणाची. ४० टक्क्यांवर ती मधल्या घोटात पातळ पडते. धुराइतकंच भरलेलं अंग असतं तर ही दारू परिपूर्ण झाली असती.

खायला काय? स्कॉटलंडमध्ये ताज्या कालवावर थेंबभर व्हिस्की टाकून खातात, निळं चीज खातात. आम्हाला समुद्र नाही, पण आमच्याकडे भरीत आहे. बामणोदकडची हिरवट-पांढरी, मोठी, कमी बियांची वांगी, शेतात तुराट्यांच्या आणि पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे ते काही उगाच नाही. पण इथे एक खबरदारी सांगतो. मिरच्या, लसूण, तेलाची फोडणी घातलेलं पूर्ण भरीत या दारूबरोबर खाऊ नका. हिरवी मिरची आणि अल्कोहोल एकमेकांची आग वाढवतात आणि दोन्हीची चव जाते. वांगं सोलून झालं, ठेचायच्या आधी, तेव्हाच वाटीभर बाजूला काढून घ्या. त्यावर मीठ, चार भाजलेले शेंगदाणे, थोडी कांद्याची पात. त्याचा एक घास आणि लाफ्रॉइगचा एक घोट. दोन्हीकडचा धूर भेटतो, वांग्याचा गोडवा व्हिस्कीचा कोरडेपणा भरून काढतो. माझ्या मते याच्यापेक्षा चांगला जोड जगात कुठल्या टेबलावर नसेल.

मागच्या पौषात यावलकडच्या एका शेतावर भरीत पार्टीला गेलो होतो. केळीचे बाग, पलीकडे सातपुड्याची काळी रेघ, थंडी चांगली पडलेली. शेतमालक आबा सत्तरीचे, आयुष्यभर महिन्यातून एखादा पेग घेणारे, तेही पाणी भरपूर घालून. त्यांना मी वीस मिली ओतून दिली. वास घेऊन म्हणाले, "काय भो, हे तर खळ्यात तूर झोडपून झाल्यावर काड्या पेटवतात तसं येतं." मी म्हटलं, "आबा, आता वांग्याचा घास घ्या आणि मग प्या." त्यांनी तसं केलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "घोटाघोटानेच घ्यायची आहे ही. घाई करणाऱ्याला देऊ नको." या दारूचं परीक्षण माझ्यापेक्षा त्यांनी नेमकं केलं. आबांनी दुसरा पेग घेतला नाही, आणि कोणी आग्रहही केला नाही. भरीत-कळण्याची भाकरी त्यानंतर, ग्लास धुऊन ठेवल्यावर. शेवभाजीचंही तेच, काळ्या मसाल्याचा रस्सा आणि ही व्हिस्की एका ताटात आणू नका.

बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, निखाऱ्यावर भाजून घेतल्या तर चांगल्या लागतात, तळू नका. केळ्याचे मिठाचे वेफर चालतात, मसाल्याचे नाही. संक्रांतीच्या दिवसांतला तिळगूळ मात्र जरूर ठेवा, कारण गुळाचा खमंगपणा शेवटच्या घोटाबरोबर फार सुरेख लागतो. फरसाण, लसूण शेव, शेंगदाणा मसाला हा आपला नेहमीचा चखणा दुसऱ्या दारूसाठी राहू द्या.

सुरुवात कुठून करावी, असं पुतण्यासारखी तरुण मुलं विचारतात. थेट लाफ्रॉइग नका घेऊ. बोमोर १२ पासून सुरू करा, धूर बेताचा आहे आणि गोडवा आहे. किंवा टॅलिस्कर १०, ही आयलाची नाही, स्काय बेटाची आहे, ४५.८ टक्के, शेवटी काळ्या मिऱ्यांची झणझण, आपल्या जिभेला ती लगेच कळते. लाफ्रॉइग आवडली तर पुढे आर्डबेग १०, ती ४६ टक्क्यांची आहे, अंगाने भरलेली, धुराबरोबर लिंबाच्या सालीचा वास, आणि पाणी जास्त सोसते. लागावूलिन १६ सगळ्यात गोलाईची, सुक्या मेव्याची चव असलेली, किमतीनेही वरची. निवृत्तीच्या निरोपाला, मुलीच्या लग्नानंतर पाहुणे गेल्यावर, अशा रात्रीसाठी ती ठेवावी.

आपल्याच देशातली अमृत पीटेड विसरू नका. बंगळूरची आहे, धुरी दिलेली बार्ली स्कॉटलंडहून येते आणि दारू इथल्या हवेत मुरते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला दोनेक टक्के उडून जाते, बंगळूरला दहा टक्क्यांच्याही वर. म्हणून आपल्याकडे थोड्या वर्षांत लाकडाची चव दारूत उतरते. लाफ्रॉइगची दवाखान्याची बाजू ज्यांना जड जाते त्यांना अमृतचा धूर मऊ वाटेल. किमतीच्या मानाने माझी पहिली शिफारस तीच राहील.

किमतीचं सांगायचं तर आयात स्कॉचवर केंद्राचं १५० टक्के सीमाशुल्क लागत आलं आहे. जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार कराराच्या सह्या झाल्या, त्यात ते आधी ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलं. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्के केलं, तेव्हापासून दिल्ली-हरियाणातून बाटल्या मागवायची गरज बरीच कमी झाली. तरीही खान्देशात लहान गावच्या वाईन शॉपमध्ये लाफ्रॉइग फळीवर दिसत नाही, जळगावला मोठ्या दुकानात आधी सांगून ठेवावं लागतं. घेताना बाटली उन्हाच्या बाजूच्या फळीवरची नको, मागच्या खोलीतली मागा. काचेच्या दाराशी दोन उन्हाळे काढलेली बाटली मी तरी घेणार नाही. बूच आणि सील नीट बघा, बिल घ्या. वय पंचवीस पूर्ण हवं आणि पिण्याचा परवाना काढून ठेवा, कटकट राहत नाही. शेतावर पार्टी असेल तर न पिणारा एक जण गाडीसाठी आधीच ठरवा, सातपुड्याच्या पायथ्याचे रस्ते रात्री ऊस-केळीच्या ट्रॅक्टरांनी भरलेले असतात.

घरी आणल्यावर बाटली उभी ठेवा. वाईनसारखी आडवी ठेवली तर कडक दारू बूच खाते. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत नको, माळ्यावर नको; घरातल्या सगळ्यात आतल्या, उत्तरेकडच्या खोलीत लाकडी कपाटात, मूळ डब्यासकट. उघडलेली बाटली निम्म्याच्या खाली गेली की हवा जास्त होते आणि धूर हळूहळू मवाळ पडतो. आपल्या उन्हाळ्यात हे लवकर घडतं. म्हणून दिवाळीनंतर उघडा आणि होळीपर्यंत संपवा, चार जाणकार मित्र असतील तर अवघड नाही. थोडी उरलीच तर लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून घट्ट बंद करा, तशी ती पावसाळ्यापर्यंत चांगली राहते. माझी पुढची बाटली पुन्हा लाफ्रॉइग १० च असेल, आणि तिच्याबरोबर या वेळी आर्डबेगही सांगून ठेवली आहे.